आजोबांनी पाहिलेलं पाणी

पहिला दिवस : सोलापूर आणि हिप्परगा

काल रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला उतरले. घरी पोचले तेव्हा आई जागीच होती. ताट वाढता वाढता तिने विचारलं, "उद्या तिथी काय गं?"

"माघ वद्य तृतीया."

बोटांच्या पेरांवर क्षणभर अंगठा फिरला. "म्हणजे सव्वादोन."

उद्या दुपारी सव्वादोनला देवबागच्या, म्हणजे आईच्या मालवणजवळच्या माहेरच्या, किनाऱ्यावर पूर्ण भरती, असा त्याचा अर्थ. लग्न होऊन आई सोलापुरात आली त्याला पन्नास वर्षं झाली. इथून समुद्र सरळ रेषेत धरला तरी तीनशे किलोमीटर लांब. तरी सकाळी तिथी कळली की ती तिची पाऊणपट करते. कोकण किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला साधारण बाराला भरती, तिथून रोज पाऊण तास पुढे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मला हा हिशेब आजोबांनी, म्हणजे आईच्या वडलांनी शिकवला. आई तो ऐकून ऐकून शिकली. ह्या दोन्हींत किती फरक आहे, ते मला ह्या चार दिवसांत समजलं.

ह्या खेपेला मी आले ती आईच्या एका मागणीसाठी. डिसेंबर 1989 मध्ये आजोबा सोलापूरला आले होते, आयुष्यात एकदाच. आईचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मुलीला बघायला आले. मालवणहून एसटीने घाट चढून कोल्हापूर, पुढे मिरज, आणि मिरजेहून बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरून पंढरपूर, कुर्डुवाडी. "होडयेपेक्षा जास्त हलता ही," असं त्या गाडीबद्दल ते कितीतरी दिवस सांगत होते. आईची विचारपूस झाली, चहा झाला, आणि बाबांना त्यांनी एकच गोष्ट मागितली : "माका तुमचां पाणी दाखव."

मग आठ दिवसांत बाबांनी आणि मी, मी तेव्हा अकरा वर्षांची, त्यांना जिल्ह्यातलं पाणी दाखवलं. सिद्धेश्वर तळं, हिप्परगा, चंद्रभागा, उजनी. आई खाटेवर पडून होती. संध्याकाळी ते तिच्या उशाशी बसायचे आणि काय पाहिलं ते सांगायचे. आता तिला ते सगळं त्याच क्रमाने पाहायचं होतं. भावाने चार दिवस रजा काढून गाडी घेतली.

सकाळी सिद्धेश्वर. मकरसंक्रांतीची गड्ड्याची गर्दी केव्हाच सरली होती, तळ्याकाठी शांत होतं. पाण्याच्या मधोमध देऊळ, पलीकडे भुईकोट किल्ल्याची तटबंदी. हे तळं बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी घेऊन खोदलं, असं बाबांनी सांगितल्यावर आजोबा बराच वेळ गप्प उभे होते. पाणी असतंच, आपण त्याच्याकडे जायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पाणी खणून काढावं लागतं हे त्यांना नवीन होतं. आदल्या दिवशी घरातले भरून ठेवलेले हंडे, पिंपं, बादल्या मोजून त्यांनी आजीला लिहायच्या पत्रात तो आकडा घातला होता. इथे त्यांनी गळ टाकला नाही. देवाचं पाणी आहे म्हणाले आणि पायरीवर बसून नुसते ओंजळ भरून पाहत राहिले. आई आज त्याच पायऱ्यांवर बसली. पायरी कुठली ते मला आठवत नव्हतं. तिनेही विचारलं नाही.

दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. ही चटणी आजोबांनी जाताना शेरभर बांधून नेली होती.

शेजारच्या गल्लीत तेव्हा एकाचा यंत्रमाग होता. आजोबा तिथे तासभर रमले. मागाच्या खडखडाटात काही बोलता येत नव्हतं, पण त्यांनी ताण्याचं सूत चिमटीत धरून पीळ पाहिला, तसंच ते घरी जाळ्याचं सूत पाहायचे. त्यांच्या तरुणपणी जाळी सुती असायची. ऐनाची साल उकळून त्या लाल पाण्यात ती बुडवायची, वाळूवर वाळवायची, म्हणजे खाऱ्या पाण्यात कुजायची नाहीत. पुढे नायलॉन आलं आणि ते काम संपलं. सुताची ही माया एवढी मोठी की आई-बाबांनी पाठवलेली सोलापुरी चादर ते पहाटे होडीत अंगावर घ्यायचे. माझ्या लहानपणच्या समुद्राला म्हणूनच सोलापूरच्या सुताचा वास आहे. त्यात होडीला चोळलेल्या काजूच्या टरफलांच्या काळ्या तेलाचा वास मिसळलेला.

संध्याकाळी हिप्परगा, म्हणजे तुळजापूर रस्त्यावरचा एकरूख तलाव. इंग्रजांच्या काळात, 1871 मध्ये हा पुरा झाला. काठावर बाभळी, पाण्यात बदकांचे थवे, वारा पडलेला. इथे 1989 मध्ये आजोबांनी पहिल्यांदा पिशवीतून गरी काढली. लाकडाच्या चपट्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, टोकाला शिसं आणि गळ. काही लागलं नाही. पण ती गरी हातात घेतल्यावर त्यांचे खांदे सैल झाले, ते मी पाहिलं होतं. आईला मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "तुला कशी नेली त्यांनी, ते सांग. नीट सांग. पहिल्यापासून."

मी आठ वर्षांची होते. दिवाळीची सुट्टी. पहाटे चार वाजता आजोबांनी उठवलं, तेही नुसतं कपाळावर हात ठेवून. वाळू पायाला थंड लागत होती. होडीखाली आडवे लाकडाचे ओंडके टाकून ती पाण्यात सरकवली. आमची होडी लहान, एका बाजूला उलांडीचं तरंगतं लाकूड असलेली, त्यामुळे लाटेवर कलली तरी उलटायची भीती नव्हती. जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत होता, त्याच्या जोरावर वल्ही फारशी न मारता आम्ही बाहेर पडलो. वल्हं पाण्यात शिरलं की पाणी निळंहिरवं पेटायचं, वल्ह्यावरून थेंब पडायचे तेही पेटलेले. मी घाबरून हात आत घेतला. ते म्हणाले, "घाल हात. चटको नाय लागणा." मी घातला. पाचही बोटं उजेडाची झाली.

मग त्यांनी खूण लावली. एका बाजूला सिंधुदुर्गाचा बुरूज आणि त्याच्या मागचं झाड एका रेषेत आणायचं, दुसऱ्या बाजूला डोंगराचा खांदा आणि किनाऱ्यावरचा एक वाकडा माड. दोन रेषा जिथे छेदतात तिथे खाली खडप, म्हणजे पाण्यातला खडक, आणि खडपात मासा. समुद्रावर पत्ता असा असतो. दगड बांधलेली दोरी नांगर म्हणून सोडली, आणि तंगूस वाव-वाव मोजत खाली दिला. दोन्ही हात ताणले की एक वाव. त्यांच्या सात वावांना शिसं तळाला टेकलं. मग त्यांनी तो गुंडाळून माझ्या हातात दिला आणि मला मोजायला लावलं. माझे अकरा झाले. "आता हातान बघ," ते म्हणाले. "डोळ्यान नको."

त्या एका वाक्याचा अर्थ कळायला मला दोन सुट्ट्या लागल्या. तंगूस तर्जनीवरून जायला हवा, मुठीत नाही. कुर्ली आमिष कुरतडते तेव्हा कपडा कुणी हळूच ओढल्यासारखं वाटतं. शेंगटी गिळून सरळ चालू पडते. तांबोशी दोन झटके देते आणि थांबते, आणि त्या थांबण्यात माणूस चुकतो. मी चुकत राहिले. आमिषाचे सुंगटाचे, म्हणजे कोळंबीचे, तुकडे संपत राहिले. आजोबा एकदाही रागावले नाहीत, फक्त "दम धर, चेडवा" म्हणायचे. तिसऱ्या सुट्टीत तांबोशी लागली, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, उगवत्या उन्हात तांब्याच्या भांड्यासारखी लखलखीत. "ओढू नको. तेका दमू दी. मगे आण." तो मासा कसा वर आला ते आजही माझ्या तर्जनीला आठवतं.

आईने सगळं ऐकलं. हिप्परग्यावर अंधार पडला होता. ती एवढंच म्हणाली, "बोटं उजेडाची झाली, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं."

दुसरा दिवस : पंढरपूर

सकाळी मोहोळमार्गे पंढरपूर. आज संकष्टी, आईचा उपास. देवबागला तीनची भरती.

माघी वारीची माणसं परतली होती, दर्शनाची रांग तासाभरात संपली. देवळाबद्दल मी इथे फार लिहीत नाही, आमचं काम वाळवंटात होतं. चंद्रभागेला पाणी कमीच होतं. पुंडलिकाच्या देवळाशी आल्यावर आईने हात जोडले आणि मला म्हणाली, "इथली पूजा कोळी करतात ना?" होय. पुंडलिकाच्या देवळातली सेवा महादेव कोळी समाजाकडे आहे. हे कळल्यावर आजोबा केवढे हरखले होते! आजोबा गाबीत, म्हणजे कोकणातले मच्छीमार, आणि हे डोंगराकडचे कोळी, जात वेगळी, पाणी वेगळं. पण पाण्यावरच्या माणसाच्या हाती देवाची पूजा आहे, ही गोष्ट त्यांनी देवबागला परतल्यावर घराघरांत सांगितली.

1989 मध्ये इथल्या एका होडीवाल्याने आम्हाला विष्णुपदापर्यंत नेलं होतं. निम्म्या वाटेत आजोबांनी त्याच्याकडून वल्हं मागून घेतलं. नदीचं पाणी हलकं लागतं, म्हणाले, खाऱ्या पाण्यासारखं उचलून धरत नाही. आजही आम्ही होडी केली. आई चढताना थबकली. होडीवाल्याने हात दिला, तरी ती काठावरच उभी.

"काय झालं?"

"मी होडीत कधी बसले नाही गं."

मला पहिल्यांदा तिचं बोलणं नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. ज्या घराच्या अंगणात दोन होड्या उपड्या ठेवलेल्या असायच्या, त्या घरातली ही मुलगी.

"रापणीचं जाळं किनाऱ्यावरून ओढायला असायचे मी. दोन्ही बाजूंच्या दोरांना सगळं गाव लागायचं, बायका, पोरं. रापण ओढली की वाटा मिळायचा. मासे निवडायचे, टोपली डोक्यावर घेऊन विकायला जायचं. पण होडीत बायकांनी पाय ठेवायचा नाही, असं होतं तेव्हा. मी मागितलंही होतं एकदा. बारा वर्षांची असेन. नाही म्हणाले."

"आणि मला नेलं."

"तुला नेलं तेव्हा वाडीत बोलणी खाल्ली त्यांनी. घरी येऊन मला म्हणाले, तुका नेलंय नाय, ता चुकलां माझां."

ती होडीत बसली. एका हाताने कड घट्ट धरली होती. विष्णुपदापर्यंत आम्ही कोणी फारसं बोललो नाही.

रात्री साडेनऊच्या सुमारास चंद्र उगवला, मग तिने उपास सोडला. मला झोप लागेना. मला तीस वर्षं वाटत आलं होतं की आजोबांचा समुद्र आईकडून माझ्याकडे आला. तो तिला वळसा घालून आला होता.

तिसरा दिवस : उजनी धरण

पंढरपूरहून टेंभुर्णी, तिथून भीमानगर. वाटेत ऊस, केळी, ऊस. आजोबा ज्या वर्षी आले तेव्हा हा पट्टा एवढा हिरवा नव्हता.

उजनीचं धरण 1980 मध्ये पुरं झालं. एकूण साठा 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृत साठा, म्हणजे तळाशी राहणारं पाणी. पाणी त्या रेषेच्या खाली गेलं की सोलापूरकर म्हणतात, उजनी मायनसमध्ये गेली. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये वर आली की प्लस. आमच्याकडे चहाच्या टपरीवरही लोक हा आकडा सांगतात. शहराच्या नळाला पाणी कधी येणार, ऊस जगणार की नाही, सगळं त्याच्यावर.

आजोबांना हे बाबांनी धरणाच्या भिंतीकडे बघत समजावलं होतं. सोलापुरात पाऊस थोडाच. हे पाणी पडतं वर, पुण्याच्या पलीकडे, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर. भीमा उगमाला भीमाशंकराला असते, मुळा-मुठा, घोड तिला येऊन मिळतात आणि सगळं पाणी इथे थांबतं. तिथून भीमा कृष्णेला आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. आजोबांनी विचारलं, घाटमाथ्यावर पाऊस कुठून येतो? पश्चिमेकडून, बाबा म्हणाले, अरबी समुद्रावरून.

"म्हणजे ह्यां पाणी आमचांच!"

हे वाक्य आमच्या घरात पुढे किती वर्षं चाललं. नळाला पाणी आलं की बाबा ओरडायचे, "आजोबांचं पाणी आलं गं!" आणि आई हंडे घेऊन धावायची.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली ती भरतीची. ह्या पाण्याला भरती-ओहोटी नाही? नाही. पण मग प्लस-मायनसचं ऐकल्यावर ते थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले आणि म्हणाले, "आसा. वर्साक एकदाच." समुद्राला दिवसातून दोनदा जे होतं ते इथे वर्षातून एकदा. आश्विनात काठोकाठ, ज्येष्ठात तळ. मग त्यांनी विचारलं की ओहोटी लागली म्हणजे खालचं काय दिसतं. बाबांनी पळसदेवच्या देवळाचं सांगितलं. पाणी फार उतरलं की बुडालेलं दगडी देऊळ वर येतं, लोक चालत जाऊन दर्शन घेतात.

"आणि घरां?"

बाबांनी उत्तर दिलं नसावं. मला आठवत नाही. करमाळा, इंदापूर, माढा ह्या तालुक्यांतली गावंच्या गावं ह्या पाण्याखाली गेली, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आजोबांना मात्र तो प्रश्न सुचला, कारण देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र ह्यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे पावसाळ्यात समुद्र दरवर्षी थोडी जमीन नेतो. आजोबांच्या अंगणातले तीन माड माझ्यादेखत गेले. शेवटचा गेला त्या सकाळी ते किनाऱ्यावर जाऊन त्याच्या बुंध्याच्या जागी उभे राहिले होते, पाणी घोट्यापर्यंत.

आई भिंतीजवळ उभी राहून ऐकत होती. वारा जोराचा होता, तिने पदर डोक्यावरून घट्ट घेतला. "वर्साक एकदाच," ती म्हणाली. वडलांच्या आवाजात म्हणाली.

मुक्काम जेऊरला, नातेवाइकांकडे. पहाटेसाठी कुगावच्या बाजूला एका मच्छीमाराशी भावाने फोनवर बोलून ठेवलं होतं.

चौथा दिवस : पाण्यावर

उजाडायच्या आधी काठावर पोचलो. वद्य षष्ठीचा चंद्र अजून वर होता. सहाची पाऊणपट साडेचार. "भरती होऊन गेली," आई म्हणाली. "आता पाणी ओसरत असेल तिकडे."

होडीवाला दादा पन्नाशीचा, भोई समाजातला. काठावर त्याची पालं, वाळत घातलेली जाळी, एक कुत्रं. "मावशी, दमानं बसा. मधोमध. कड धरू नका, पाट धरा." आई बसली. परवाच्यापेक्षा सरावलेली वाटली, की मला तसं वाटायला हवं होतं, कोण जाणे.

आदल्या संध्याकाळी लावलेलं तंगूसाचं जाळं तो आधी काढणार होता. दोऱ्याला बांधलेले थर्माकोलचे तुकडे दिसू लागले. जाळ्यात बहुतेक चिलापी, एखादा रोहू, एक शिंगटा. दादा सांगत होता, पूर्वी इथे वाम, मरळ, आहेर असा नदीचा मासा असायचा, आता चिलापीने सगळं भरून टाकलं आहे. आणि बारीक आसाची जाळी लावून लोक बोटाएवढी पिल्लंही काढतात, त्याचा त्याला राग होता. आजोबांना पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांचा असाच राग असायचा. थव्याभोवती जाळं फिरवून थवाच्या थवा उचलतात, मग रापणीला काय राहणार, असं ते म्हणायचे. दादाचं बोलणं ऐकताना आई दर वाक्याला मान हलवत होती.

एक चिलापी त्याने सोडवली तेव्हा तिचं तोंड उघडलं आणि आतून बारीक बारीक पिल्लं होडीच्या पाण्यात सांडली. काळे डोळे, बाकी काचेसारखी. "तोंडात धरती पोरं," दादा म्हणाला. त्याने ओंजळीने पिल्लं उचलून बाहेर पाण्यात सोडली. मासा टोपलीत गेला.

मला शेंगटी आठवली. एका दिवाळीच्या सुट्टीत रापणीत मोठी शेंगटी आली होती. आजोबांनी तिचे काटे सांभाळत तोंड उघडून दाखवलं तर आत गोट्यांएवढी पिवळसर अंडी, एकाला एक चिकटून. "हो बापूस आसा," ते म्हणाले. शेंगटीत अंडी नर सांभाळतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत काही खात नाही, म्हणून असा नर गळाला कधी लागत नाही, जाळ्यातच येतो. आजोबा कमरेएवढ्या पाण्यात चालत गेले आणि त्यांनी तो सोडून दिला. रापणीच्या वाट्यातला मासा होता तो, सगळ्या गावाचा. तरी कोणी काही बोललं नाही.

जाळं झालं. मग आई म्हणाली, "आता खूण."

हे तिने आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. 1989 च्या त्या दिवशी उजनीवर आजोबांनी गरी टाकली होती आणि गळ खाली कशाला तरी अडकला. होडीवाला म्हणाला, जुनी बाभूळ असेल, द्या झटका, सुटेल. मी झटका द्यायला हात पुढे केला तर आजोबांनी माझं मनगट धरलं. "ओढू नको. खाली कोणाचां तरी घर आसात." त्यांनी खिशातून सुरी काढून तंगूस कापला. एवढं मला आठवत होतं. आजोबांनी घरी जाऊन आईला त्या जागेची खूण सांगितली होती, हे मात्र मला माहीत नव्हतं. सवयच ती. पाण्यावर काही घडलं की दोन रेषा बघून ठेवायच्या. आणि खाटेवर पडलेल्या आईने ती खूण पस्तीस वर्षं सांभाळली.

"काठावरची पाण्याची टाकी आणि तिच्या मागचा देवळाचा कळस, ही एक," ती म्हणाली. "दुसरी, पलीकडच्या टेकाडावरची एकटी चिंच आणि दोन टेकड्यांमधली खिंड."

दादाने लगेच वल्हं फिरवलं. टाकी होती. जुनी, आता वापरात नसलेली, काळवंडलेली. तिच्या मागे कळस, त्यावर नवा पिवळा रंग. दोन्ही हळूहळू जवळ आली, एकावर एक आली. "हां, हां, हीच," आई म्हणाली. होडी त्या रेषेवर धरून आम्ही पलीकडच्या टेकाडाकडे पाहिलं. चिंच नव्हती. टेकाडावर उसाचं शेत आणि एक पत्र्याची शेड. खिंड होती, पण तिच्यापुढे आणायला काहीच नव्हतं.

म्हणजे रेष मिळाली, जागा मिळाली नाही. दादा म्हणाला, "इथून तिथवर कुठंबी आसंल, मावशी. आर्धा किलोमीटर धरा."

"मग रेषेवरच राहू दे," आई म्हणाली.

होडी थांबली. मी पिशवीतून गरी काढली. लाकडी तुकडा तोच, तंगूस नवा, शिसं तेच. आमिषाला दादाने गांडुळं दिली. गळ लावला आणि आईच्या हातात दिला. तिने आधी तो लाकडी तुकडा दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. मग दोन्ही हात ताणून तंगूस सोडायला लागली. एक. दोन. तीन. पातळाचा पदर सावरायला मध्ये थांबली. चार. पाच. सहा. सहाव्या वावेच्या निम्म्यात शिसं टेकलं, ते तिच्या चेहऱ्यावर आधी दिसलं.

"तर्जनीवर घे," मी म्हटलं. "मुठीत नको. हातान बघ."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सूर्य वर आला होता. लांब भिगवणच्या बाजूला रोहित पक्ष्यांची एक फिकट गुलाबी रेघ पाण्यावर टेकलेली होती. दादाने बिडी पेटवायला काडी काढली आणि परत ठेवली. कितीतरी वेळ काही झालं नाही. भाऊ काठावरून हात करत होता, त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

मग तिचा हात किंचित खाली गेला. "कपडा ओढल्यासारखं," ती पुटपुटली.

"थांब. दम धर."

परत. आणि मग एकदम जोरात. ती हसली, मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. तंगूस तिने ओढला नाही, धरून ठेवला, सैल केला, परत धरला. हे मी तिला सांगितलं नव्हतं. वर आली ती चिलापी, तळहाताएवढी, काटे उभारलेली, राखाडी. आईने ती दोन्ही हातांत धरली, गळ सोडवला, आणि होडीच्या बाहेर हात धरून ओंजळ उघडली.

"मावशी, सोडलात व्हय?" दादा म्हणाला.

"लहान होता."

मग ती तंगूस गुंडाळायला बसली. लाकडावर आडवा-उभा, इंग्रजी आठासारखा, प्रत्येक फेऱ्याला अंगठ्याने दाबून, म्हणजे पुढच्या वेळी गाठ पडत नाही. आजोबांसारखाच अगदी. मी बघतच राहिले.

"हे कुठे शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? ते दर्यावरून आले की रोज मीच गुंडाळायचे. पाच वर्षांची असल्यापासून." शेवटचा फेरा घालून तिने गळाचं टोक लाकडात रुतवलं. "सकाळी त्यांना गाठ लागली नाही कधी."

होडी काठाकडे वळली. टाकी आणि कळस एकमेकांपासून सुटायला लागले तशी तिने दादाला थांबायला सांगितलं आणि परत रेषेवर आणायला लावलं. मग पलीकडे पाहिलं, बराच वेळ, डोळ्यांवर हात धरून.

"लिहून घे," ती मला म्हणाली. "टाकी आणि कळस. दुसरी, पत्र्याच्या शेडचा डावा कोपरा आणि खिंड. पाणी साडेपाच वाव. माझ्या वावेने."

मी वही काढली.